फुटबॉलपटू ते प्रशिक्षक : वर्ध्यातून निघणारी वाट

व्यावसायिक फुटबॉलपटूचे खेळणे साधारण पस्तिशीच्या आसपास थांबते आणि प्रशिक्षकाचे आयुष्य त्याच सुमारास सुरू होते. मधला सांधा भारतात बहुतेक वेळा ठरवून जुळवलेला नसतो. गुडघा दगा देतो, क्लबचा करार वाढत नाही किंवा क्लबच बंद पडतो आणि मग खेळाडू प्रशिक्षणाकडे वळतो. ज्यांनी हा सांधा खेळत असतानाच जुळवायला घेतला ते या व्यवसायात टिकले. वर्धा जिल्ह्यातल्या मुलामुलींना ही वाट धरायची असेल, तर महाराष्ट्र आणि गोव्यातून ती आधी कोण कसे चालून गेले हे पाहणे उपयोगाचे ठरते.

त्यात सर्वांत बोलके उदाहरण खालिद जमील यांचे. त्यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. फुटबॉल मात्र मुंबईचे. महिंद्रा, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा युनायटेड आणि शेवटी मुंबई एफसी असा त्यांचा खेळाडू म्हणून प्रवास झाला. मधल्या फळीत ते भारताकडूनही खेळले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा संघाचे प्रशिक्षक डेरिक परेरा होते. परेरा हे गोव्याचे माजी बचावपटू, स्वतः खेळाडूचे प्रशिक्षक झालेले. पुढे मुंबई एफसीत इंग्लिश प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या हाताखाली जमील खेळले. दुखापतींनी खेळ थांबवला तो २००९ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याच क्लबने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले. वय ३२. अॅलेक्स फर्ग्युसन यांनी १९७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ईस्ट स्टर्लिंगशायर या किरकोळ क्लबची सूत्रे घेतली तेव्हा तेही ३२ वर्षांचेच होते.

जमील मुंबई एफसीत सात हंगाम राहिले. या सात वर्षांत आय-लीगचा एकही करंडक हाती आला नाही. क्लब लहान, पैसा बेताचा, समोर कोलकाता आणि गोव्याचे धनाढ्य संघ. काम एकच होते, दर हंगामाला खालच्या श्रेणीत घसरण्यापासून संघ वाचवायचा. ते त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यातून त्यांच्या संघांची ठेवण घडली: आधी बचाव घट्ट, फळ्यांमधले अंतर कमी, चेंडू मिळताच वेळ न दवडता पुढे. देखणा खेळ आवडणारे यावर नाके मुरडतात. पण ज्याच्याकडे महागडे खेळाडू नाहीत त्याने खेळायचे तरी कसे, याचे हे सरळ उत्तर आहे आणि जिल्हा पातळीवरच्या प्रशिक्षकाला त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

२०१६ मध्ये मुंबई एफसीने त्यांना निरोप दिला. पुढचा मुक्काम मिझोरमची आयझॉल एफसी. हा संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून घसरलेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. जमील यांनी मुंबईत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिकडे नेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता आणि विजेतेपदासाठी आयझॉलला एक गुण पुरे होता. शिलाँग लाजाँगने सुरुवातीलाच गोल केला. अशा वेळी संघ बिथरतो आणि मागची जागा उघडी टाकून सगळे पुढे धावतात. आयझॉलने तसे केले नाही. उत्तरार्धात लालनुनफेलाने बरोबरी साधली, सामना १-१ असा सुटला आणि मोहन बागानच्या ३६ गुणांना मागे टाकून ३७ गुणांवर आयझॉल विजेता ठरला. ईशान्येकडच्या क्लबचे हे पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद. मुंबईतली सात बिनकरंडकाची वर्षे इथे फळाला आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

यानंतरचा आलेख चढता राहिला असता तर ते गोष्टीतल्यासारखे झाले असते. तसे झाले नाही. ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम, मोहन बागानमध्ये त्याहून कमी काळ. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडचा परदेशी प्रशिक्षक गेला तेव्हा हंगामी म्हणून जमील उभे राहिले आणि संघाला थेट उपांत्य फेरीत घेऊन गेले. इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाने असे प्रथमच केले. क्लबने मग त्यांना कायम केले. पुढच्याच हंगामात तोच संघ अकरा संघांत दहावा आला. त्यानंतर ते एफसी बंगळुरू युनायटेडकडे, म्हणजे दोन पायऱ्या खाली, आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत उतरले. मोठ्या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या माणसाने इतके खाली उतरून काम करणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. जमील यांनी ते मानले नाही, म्हणून ते कामात राहिले. २०२३ च्या अखेरीस जमशेदपूर एफसीने बोलावले. २०२४-२५ मध्ये तो संघ लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात पोचला. १ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमले. गोव्याचे सावियो मेदेरा २०१२ मध्ये त्या पदावरून उतरल्यानंतर ते पद पुन्हा भारतीयाकडे आले. काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला, तर ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ असे हरून आशियाई चषकाची पात्रता हुकली. प्रशिक्षकाचे दिवस हे असेच असतात. सहा आठवड्यांत पाठही थोपटली जाते आणि राजीनाम्याची मागणीही होते.

दुसरा नमुना गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांचा. डेम्पोचे हे मधल्या फळीतले खेळाडू, भारताकडून खेळलेले. मुख्य प्रशिक्षकपदावर उडी न मारता ते एफसी गोवाच्या प्रशिक्षक वर्गात शिरले. २०२० च्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना हंगाम संपण्याआधीच जावे लागले, तेव्हा उरलेल्या सामन्यांची जबाबदारी मिरांडांवर आली आणि एफसी गोवाने साखळीत अव्वल स्थान मिळवले. २०२३ मध्ये ओडिशा एफसीलाही त्यांनी असेच मधूनच हाती घेऊन सुपर कप जिंकून दिला. सहायकाची जागा ही प्रतीक्षा यादी नव्हे. रोजचा सराव कसा आखायचा, राखीव खेळाडूंना खूश कसे ठेवायचे, परदेशी प्रशिक्षक आणि भारतीय ड्रेसिंग रूम यांच्यात दुवा कसा व्हायचे, हे तिथेच शिकायला मिळते. ज्याला पहिल्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक व्हायचे आहे त्याने मिरांडांची वाट एकदा नीट पाहावी.

आता परवान्याचा भाग. भारतात प्रशिक्षकाची पात्रता आशियाई फुटबॉल महासंघाच्या चौकटीत, अखिल भारतीय महासंघामार्फत दिली जाते. शिडी अशी: डी, सी, बी, ए आणि सगळ्यांत वर प्रो. डीला वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत; तो साधारण आठवडाभराचा असतो आणि लहान मुलांना शिकवण्यापुरता असतो. सी आणि बी किशोर व युवा संघांसाठी, ए वरिष्ठ संघांसाठी. इंडियन सुपर लीगच्या मुख्य प्रशिक्षकाला प्रो किंवा त्याच्या तोडीची पात्रता लागते. एका पायरीवरून दुसरीवर लगेच जाता येत नाही. मध्ये प्रत्यक्ष संघाला शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. गोलरक्षकांच्या प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम वेगळे आहेत, आणि तिकडे गर्दी कमी असल्याने चांगल्या गोलरक्षकाने त्यांचा विचार जरूर करावा.

कागद नसला की काय होते याचे उदाहरण गोव्यातच घडले. सुभाष भौमिक यांच्यासारखा गाजलेला खेळाडू आणि राष्ट्रीय लीग जिंकून दिलेला प्रशिक्षक. पण ए परवाना नव्हता. चर्चिल ब्रदर्सने २०१२-१३ ची आय-लीग जिंकली तेव्हा भौमिक तांत्रिक संचालक होते आणि कागदोपत्री प्रशिक्षक म्हणून मारियानो डायस यांचे नाव होते. भौमिकांची जुनी पुण्याई होती म्हणून क्लबने वाट काढली. वर्ध्याच्या नवख्या माणसासाठी कोणी अशी वाट काढणार नाही.

परवान्याच्या वर्गात नापास होणारे माजी खेळाडू कमी नसतात, आणि त्यांचा खेळ वाईट असतो असेही नाही. प्रात्यक्षिकात उमेदवाराला एक विषय मिळतो, समजा पाठीवर बचावपटू असताना चेंडू ताब्यात घेणे. त्याने मैदानाचा तुकडा आखायचा, कोन मांडायचे, दोन रंगांचे बिब वाटायचे आणि सोबतच्या उमेदवारांनाच खेळाडू म्हणून घेऊन वीसेक मिनिटे सराव घ्यायचा. चूक घडताच शिटी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचे. इथे परीक्षकाचे लक्ष उमेदवाराच्या तोंडाकडे नसते, तो कुठे उभा आहे याकडे असते. मैदानाच्या मधोमध उभा राहिला तर त्याच्या पाठीमागे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. चूक खरोखर चेंडू गमावणाऱ्याची होती, की त्याला कोणीच मोकळा दिसला नाही म्हणून ती घडली? सुधारणा करून दाखवली की नुसते भाषण दिले? आणि खेळ पुन्हा सुरू करताना चेंडू त्याच जागेवरून, त्याच स्थितीतून दिला का? चांगल्या खेळाडूची पंचाईत इथेच होते. जे तो पायाने सहज करतो ते तोडून, टप्प्याटप्प्याने दुसऱ्याला कसे सांगायचे याचा त्याने कधी विचारच केलेला नसतो. म्हणून खेळत असतानाच एक वही ठेवावी. आजचा सराव कोणता, किती मिनिटांचा, किती जागेत, त्याने नेमके काय साधले आणि कुठे फसला, हे रोज लिहावे. चार वर्षांत ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडते.

वर्ध्यातून सुरुवात कुठे करायची? खेळाडू म्हणून पहिले दार शाळेचे आहे. सुब्रोतो मुखर्जी चषक आणि शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. त्यांचे कामकाज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून चालते. या स्पर्धा पावसाळ्यात येतात. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाटची काळी माती तेव्हा बुटाला किलोभर चिकटते, जमिनीवरून दिलेला पास मध्येच रुतून बसतो आणि मुले नाइलाजाने उंच, लांब फटके मारायला शिकतात. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि पारा पंचेचाळीसला टेकतो. इथल्या प्रशिक्षकाने सरावाचे वेळापत्रक केरळ-गोव्याचे पाहून करू नये. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाच्या आत सराव आटोपावा, आणि पावसाळ्यात चेंडूवरच्या ताब्याचे काम मुरमाड किंवा सिमेंटच्या लहान जागेत पाच-पाच जणांचे खेळ लावून करून घ्यावे.

संघटनेचे गणित क्रिकेटसारखे नाही, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. क्रिकेटमध्ये विदर्भाचा स्वतःचा रणजी संघ आहे. फुटबॉलमध्ये विदर्भ वेगळा नाही. सारा महाराष्ट्र वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनखाली येतो आणि संतोष करंडकासाठी निवड होते ती महाराष्ट्राच्या संघात. म्हणजे वर्ध्याच्या मुलाची स्पर्धा मुंबई, पुणे आणि कोल्हापूरशी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात पोचला, यावरून शासकीय प्रबोधिनीच्या चाचण्या गंभीरपणे घ्यायला हव्यात हे लक्षात यावे.

रोजच्या स्पर्धात्मक खेळासाठी जवळचे ठिकाण नागपूर. रेल्वेने सव्वा-दीड तासात पोचता येते. नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशनच्या लीगमध्ये कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा राहुल क्लब, रेल्वेचा संघ असे जुने आणि तगडे संघ खेळतात. कामठीत फुटबॉल ब्रिटिश छावणीच्या काळापासून मुरलेले आहे. नागपूरच्याच विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेल्या स्लम सॉकरने अनेक खेळाडूंना प्रशिक्षक म्हणूनही उभे केले. 'झुंड' हा चित्रपट त्याच कामावर बेतलेला आहे. वर्ध्याच्या तरुणाने नागपूरच्या लीगमध्ये दोन-तीन हंगाम खेळावे आणि त्याच काळात गावी चौदा वर्षांखालच्या मुलांचा संघ सांभाळावा. दोन्ही एकत्र जमते. सराव आठवड्यातून तीनदा असला तरी चालतो.

पोटापाण्याचा विचार मागे ठेवून चालणार नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ नंतर मैदानात दिसला नाही, पुणे एफसीही गेला. २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगचाच हंगाम हक्कांच्या करारावरून अडकला आणि काही क्लबांनी कामकाज थांबवले. वरच्या लीगचे हे हाल, तर खालच्या श्रेणीतल्या क्लबच्या शब्दावर घर चालवणे धोक्याचे. एअर इंडिया, रेल्वे यांसारख्या संस्थांच्या संघांनी एके काळी खेळाडूला पगार आणि मैदान दोन्ही दिले. आज तो आधार आटला आहे, तरी रेल्वेच्या खेळाडू कोट्यातील भरतीच्या जाहिराती निघतात, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रे लागतात आणि त्यांची पडताळणी होते. दहावीत जिंकलेल्या विभागीय स्पर्धेचे प्रमाणपत्र हरवले म्हणून पंचविशीत हात चोळत बसलेले खेळाडू दर तालुक्यात भेटतात. प्रमाणपत्रे मिळाली त्याच आठवड्यात प्रती काढून वेगळ्या जागी ठेवाव्यात.

दुसरा भरवशाचा मार्ग शारीरिक शिक्षण शिक्षकाचा. त्यासाठी बी.पी.एड. हवे. शेजारच्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या शिक्षणासाठी देशभर ओळखले जाते. नागपुरातही सोय आहे. पूर्णवेळ प्रशिक्षक व्हायचे असेल तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका भारतीय क्रीडा प्राधिकरण (साई) व शासनाच्या प्रशिक्षक भरतीत उपयोगी पडते. क्लबात मात्र महासंघाचा परवानाच विचारला जातो, हा फरक अनेकांना उशिरा कळतो. शिक्षकी पेशा दुय्यम समजू नये. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम मूळचे हैदराबादचे शाळामास्तरच होते.

मुलींसाठी ही वाट अजून अरुंद आहे, पण बंद नाही. भारताकडून खेळलेल्या गोव्याच्या मेमोल रॉकी २०१७ मध्ये भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. शालेय मुलींच्या संघाला महिला प्रशिक्षक मिळत नाही, ही जिल्ह्या-जिल्ह्यातली अडचण आहे. डी किंवा सी परवाना असलेल्या मुलीला काम शोधत फिरावे लागणार नाही.

पहिल्या नोकरीच्या वेळी दोन गोष्टींवर अडून बसावे. करार लेखी असावा आणि त्यात महिने मोजून लिहिलेले असावेत. "हंगामभर" या शब्दाचा अर्थ हरल्यावर बदलतो. आणि संघ निवडण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरवून घ्यावे. अकादमीच्या मालकाचा पुतण्या अकरात हवाच असेल, तर तेही सही करण्याआधी कळलेले बरे. प्रवास, जेवण, नोंदणीचे कागद हे काम संघ व्यवस्थापकाचे, पण लहान संघात तेही प्रशिक्षकाच्याच गळ्यात पडते. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीवर खेळाडूची नोंद वेळेत न झाल्याने त्याला बाहेर बसावे लागले, तर पालक दोष प्रशिक्षकालाच देतात.

ज्याला या वाटेला लागायचे आहे त्याने परवान्याच्या वर्गाची तारीख लागेपर्यंत थांबू नये. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर इथल्या कितीतरी शाळांत चौदा वर्षांखालचा संघ केवळ शिकवणारा नाही म्हणून उतरत नाही. जूनमध्ये शाळा उघडताच जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे, संध्याकाळचा एक तास मागून घ्यावा आणि पुढच्या तालुका स्पर्धेसाठी त्या संघाची प्रवेशिका वेळेत भरावी.